साडेचौतीस

बाहेर त्रेचाळीस.
सात रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतंय
आणि मी अंबादास येमुलांना गार करतेय.

मेंदूतला माग बंद पडलाय.
दोनदा तपासलं, सहा तासांच्या अंतरानं,
सह्या झाल्या.
तरी मी दर तासाला लघवी मोजते,
रक्तदाब उतरला की थेंब वाढवते,
पाठीखालच्या गादीतून थंड पाणी फिरवते.
साडेचौतीस अंश. त्याखाली जाऊ द्यायचं नाही.

पद्मावती येते, पायांना हात लावते.
"चल्लगा उंदि," स्वतःशी, मग माझ्यासाठी मराठीत,
"गार पडलेत हो. पांघरूण घाला की."
हातात चादर. त्यांनीच विणलेली, मोराची,
कडेला धागा सुटला म्हणून
कारखान्यानं विकायला न काढलेली.

मी ती घेते. खुर्चीवर ठेवते.

"गेले म्हणता, मग औषध कुणाला?"

नाव मलाही ठाऊक नाही.
पुण्यात कुणीतरी या उन्हाळ्यात
पाणी घोट मोजून पितंय, एवढंच.
"किडन्या दमल्यात, वहिनी.
गारव्यात जरा विसावतील.
पुढं लांब जायचंय त्यांना."
तिनं मान हलवली,
मागाच्या खडखडाटात ऐकू आलं नाही तरी
हलवतात तशी.

पहाटे चारला नेलं.
साडेआठला परत आणलं तेव्हा
चादर तिनंच घातली, गळ्यापर्यंत,
सुटलेला धागा आत दुमडून.

नऊ वाजले.
सवयीनं मी तापमानाचा रकाना उघडला
आणि पेन तसंच धरून बसले.