पान दोनशे चौदा

मंगळवारपासून त्या कादंबरीतला काका जिन्यावर उभा आहे.
हातात पत्र. फोडत नाही.
मी चहा केला, कपडे वाळत घातले,
बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आले,
आले तरी जिन्यावरच.
त्याला लहानपणीचा एक पेरू आठवतोय
आणि पेरू नऊ पानं पुरतोय.

पुस्तक वाईट नाही, हीच पंचाईत.
वाईट असतं तर केव्हाच मिटलं असतं.
वाचनालयातल्या पगारबाईंनी
दोन्ही हातांनी दिलं होतं, प्रसादासारखं:
"सावकाश घ्या हं. हळूहळू चढतं."
आमच्याकडे गंगेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात.
घोट्याला आलं, गुडघ्याला आलं,
कमरेला लागलं की भांडी बाजार आवरायला घेतो.
दोनशे चौदा पानं झाली,
मारुतीचे पाय कोरडे.

खरं तर बाजूला काढणं माझ्या हाताला नवीन नाही.
एकतीस वर्षं नोट प्रेसात, तपासणीत काढली.
शीट समोर यायची, डोळा फिरायचा,
शाई जरा फाकली, आकडा जरा तिरका बसला
की शीट डावीकडे.
दहाची असो, पाचशेची असो, कधी हळहळले नाही.
शेजारची कुसुम शिरसाठ म्हणायची,
"तू डावीकडे टाकतेस त्यात माझा बंगला झाला असता गं."
मग हे एवढं एक, आठशे बारा पानी,
बाजारात ज्याचा वडापावसुद्धा येणार नाही,
डावीकडे का जात नाही?

घरी आई होती. आईसमोर आमची ताटं.
"घेतलंस ना वाढून? मग संपव."
कारलं संपवलं. साय धरलेली खीर संपवली.
एक लग्नही शेवटच्या पानापर्यंत नेलं.

आणि तिथंच तर घोळ आहे.
तेविसाव्या वर्षी, एका रविवारी,
सोमेश्वरच्या धबधब्याशी कणीस सोलता सोलता
हे म्हणाले, "तुला काय वाटतं
ते कधी विचारलंच नाही मी."
पुढची अकरा वर्षं मी सांगत बसले.
बाविसाव्या वर्षी उठून गेले असते तर?
तेविसावं वर्ष
पुस्तकात कितव्या पानावर येतं?

रात्री अंगठ्यानं उरलेली पानं मोजली,
गड्डी मोजतात तशी. पाचशे अठ्ठ्याण्णव.
डॉक्टर धात्रक म्हणालेत, उजवा डोळा दिवाळीनंतर करू.
डावा त्याच्या मागोमाग आहेच.
तेविसाची वाट बघायला
तेव्हा वय होतं माझं, बाकी काही नाही.

एकशे सत्त्याऐंशी पानात एक तिकीट सापडलं होतं.
शहर बसचं, शालिमार ते पंचवटी, शाई उडालेली.
त्याच्यापुढे पानं करकरीत,
कडा एकमेकींना धरून बसलेल्या.
कुणीतरी इथं उतरलं होतं.

शनिवारी पुस्तक पिशवीत घातलं.
पगारबाईंना काय सांगायचं ते बसमध्ये ठरवलं,
रविवार कारंजापाशी बदललं.
"चढलं का?"
"मला नाही."
त्यांनी रजिस्टरमध्ये रेघ मारली.
"मी दोनदा सोडलं होतं," त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा मात्र..."
आणि फोन वाजला.

फोन चालू होता तेवढ्यात
जुनं तिकीट होतं तिथंच ठेवून
सत्तावीस पानं पुढे माझं आजचं सरकवलं.
इथवर आलं होतं.

शालिमारला हातगाडीवर पेरू होते.
अर्धा किलो घेतले, एक तिथंच पुसून खाल्ला.
चार घासांत संपला, छान होता.
बस भरली, सुटली,
पिशवी मांडीवर हलकी हलकी.
द्वारकेच्या सिग्नलला मनात आलं,
पत्र बहुतेक बहिणीचं असणार.