शिफारसपत्र

एकोणीस वर्षं मी एकच पत्र लिहीत आलो,
फक्त नाव बदलायचं.
कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ.
कॉम्प्युटरलाही पाठ झालंय,
'क' दाबला की पुढचं तोच सुचवतो.

यंदाचं नाव उत्कर्षा शितोळे.
विद्यापीठ परदेशातलं,
गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
त्यांच्या फॉर्मवर एक चौकट :
ही विद्यार्थिनी इतरांहून वेगळी कशी? उदाहरण द्या.
चौकटीत कर्सर उघडझाप करतोय,
मास्तरानं उभं केलेल्या पोरासारखा.

तिनं तिचा निबंध दाखवला होता,
पुण्याच्या कुणा सल्लागारानं धुऊन इस्त्री केलेला.
लहानपणी ताऱ्यांनी मला खुणावलं, वगैरे.
"तारे कधी बघत बसलीस गं?"
"नाही सर. पण ते म्हणाले, असं लागतं."
वडिलांचा व्यवसाय : व्यापार.
तानाजीराव सेलमला गलाई करतात,
मुशीपुढं बसून सोन्यातलं तांबं काढतात,
तेजाबाच्या वाफेनं भुवया विरळ झाल्यात.
परवा तिकडनंच फोन :
"सर, जरा झ्याक लिवा. कमी पडाय नको."

झ्याक म्हणजे काय लिहू?

शेजारचे माग थांबले. वीज गेली.
विट्यात एवढी शांतता झाली की नको ते आठवतं.

बारावीचं प्रॅक्टिकल. परमँगनेटचं टायट्रेशन.
उत्तर दहा पूर्णांक दोन,
थोरल्याच्या जर्नलातून धाकट्याकडं आलेलं,
जुन्या दप्तरासारखं.
अडतीस पोरांनी आधी ते लिहिलं
आणि मग ब्युरेट उघडली.
हिचं अकरा पूर्णांक सहा.
परत अकरा सहा. परत.
मी लाल पेनानं गोल केला. म्हणालो,
"रीडिंग डोळ्यांच्या रेषेत घ्यायचं असतं."
म्हणाली, "घेतलं सर."
आणि खोडलं नाही.

चार दिवसांनी बाटली विसळायला घेतली,
तळाशी तपकिरी साका.
आठवडाभर खिडकीतल्या उन्हात
मीच विसरलेली बाटली.
द्रावण उतरलं होतं.
तिचे अकरा सहा खरे होते.
अडतीस जण चूक, आणि एकोणचाळिसावा मी.

कुणाला बोललो नाही.
तिलाही नाही.
आठपैकी पाच गुण तसेच राहिले,
माझ्या सहीसकट.

वीज आली. माग धडधडायला लागले.
स्क्रीनवर तीच चौकट, तोच कर्सर.
'कष्टाळू' खोडतो.
'प्रामाणिक'पाशी बोट अडतं,
हा शब्द मी किती जणांना फुकट वाटला!
तोही खोडतो.

साक्याला इंग्रजीत काय म्हणतात, आठवत नाही.
प्राचार्यही वाचतील हे, सहीच्या आधी.
वाचू देत.
शिफारसपत्राची सुरुवात 'मी'नं करू नये,
असं मीच नव्या शिक्षकांना सांगत आलोय.

मी,
असं लिहितो,
त्या वर्षी एक द्रावण खराब केलं होतं.