शुक्रवार, सातवा तास

मी मुळात भूमितीचा माणूस.
दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, एक निळी फाईल मिळाली,
दुपारी पुरीभाजी, जाताना प्रमाणपत्र,
आणि सोमवारी वेळापत्रकात माझ्या नावापुढे:
जीवन कौशल्ये, नववी क.

मानखुर्दला सातव्या तासाला
ऊन तिसऱ्या बाकापर्यंत आलेलं असतं
आणि वाऱ्यावर देवनारचा वास.
मुलांना तो येत नाही.
मला अजून येतो, सोळा वर्षं झाली तरी.

निर्णय कसा घ्यावा: पायऱ्या पाच.
मी फळ्यावर जिना काढला,
पट्टी लावून, सवयीने.
यल्लव्वा उठली. म्हणाली, सर, आमची लिफ्ट बंद आहे,
पाणी सातव्या मजल्यावर चढवायचं,
कोणी किती हंडे, कोणी कधी शाळा बुडवायची,
आम्ही बहिणी रात्रीच ठरवून झोपतो.
पाच कुठल्या, सर,
एकशे बारा आहेत.

सोळा सत्ते एकशे बारा.
उत्तर बरोबर होतं.

राग आल्यास मनात दहापर्यंत मोजा, फाईल म्हणाली.
मुस्तकीम रात्री जरीच्या कारखान्यात बसतो,
बोटांच्या टोकांना सुईचे ठिपके.
त्याने विचारलं, आणि अकरा?
मी पान उलटलं.

मग आला धडा सहावा: ‘नाही’ म्हणायला शिका.
जोड्या पाडल्या. खडू झाला सिगारेट.
घे रे एक झुरका. नको.
घे ना, कोण बघतंय? नको म्हटलं ना.
प्रज्योतने तर ‘नाही’ म्हणताना हात जोडले,
स्थळ नाकारावं तसे.
सगळा वर्ग हसून आडवा,
आणि दारात शिपाई, मोठ्या बाईंची चिठ्ठी घेऊन:
याही रविवारी मतदार याद्या. सही करावी.

मी पेन काढलं.
मागच्या बाकावरून मुबीना,
जूनपासून जिने हजेरीशिवाय शब्द काढला नव्हता,
हळूच म्हणाली,
सर, नाही म्हणा ना.

पंख्याचा खटखट आवाज तेवढा राहिला.
मी सही केली.
शिपाई गेल्यावर फळा पुसत राहिलो,
पुसलेलाच.

पुढच्या शुक्रवारी फाईल उघडायच्या आधीच
मुबीना माझ्या खुर्चीत बसलेली,
ओढणी खांद्यावर, अगदी मोठ्या बाईंसारखी.
या सर, रविवारी जरा काम होतं.
मी म्हणालो, बघतो, मॅडम.
चूक, म्हणाला वर्ग.
मॅडम, घरी थोडी अडचण…
चूक! अडचण कशाला सांगता?
मॅडम, या वेळी दुसऱ्या कुणाला…
सर, तुम्ही जमिनीकडे बघताय.

मी वर पाहिलं.
बेचाळीस जण, उत्तरपत्रिका हातात असल्यासारखे.
तोंडात तो शब्द, दोनच अक्षरांचा,
काटकोन, लघुकोन, कशातच बसेना.

घंटा झाली.
मुबीनाला धाकट्याला बालवाडीतून आणायचं होतं.
दप्तर पाठीला लावत दारातून म्हणाली,
घरी आरशासमोर करून या, सर.
मी विचारणार आहे.