दोन फ

माझ्या मशीनचा फ अडकतो.
दर वेळी नखानं उचलून परत बसवावा लागतो,
म्हणून तो शब्द आला की मला थांबावंच लागतं.
त्यात दोनदा फ आहे.

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
पानाला पंचवीस रुपये, कार्बन आमचा.
समोर महादेव बोत्रे, नाना पेठेतल्या पतसंस्थेचे
एकोणीस वर्षांचे रोखपाल,
चष्मा खिशात, कारण वाचायचं नाहीये.
फक्त विचारतात,
"चोरी असं कुठं घातलं नाही ना?"

नाही.
कलमात न्यासभंग आहे,
पेपरात अपहार आला होता,
आणि फौजदारानं पंचनाम्यात लिहिलंय, अफरातफर.

चोर रात्री येतो, कौल काढतो, कुत्र्याला भाकरी टाकतो.
ह्या शब्दाला दिवस लागतो,
साडेदहा ते साडेपाच, मधे जेवणाची सुट्टी,
दोन रकाने आणि तळाशी सही.

शेजारी मोमीनचाचा स्टँप विकतात.
पान चघळत म्हणाले, अरबीतनं आलाय, फारसीच्या वाटेनं.
इफरात म्हणजे अती.
तफरीत म्हणजे कमी.
जिथं जितकं पाहिजे तिथं तितकं नसणं, बास.
मधला 'ओ' तुम्ही लोकांनी वाटेत सांडला.

मी म्हटलं, म्हणजे ह्यात घेणं कुठंच नाही?
नाही, म्हणाले. घेणारा मागाहून बसवलाय.

बोत्रे ऐकत होते का, माहीत नाही.
डोक्यावरून मेट्रो गेली तेव्हा
त्यांनी वर पाहिलं, आणि एकदम बोलायला लागले:
भाजीवाल्या बायकांची रोजची पिग्मी, दहा-दहा रुपये.
ज्या दिवशी गाडी उचलून नेली त्या दिवशी भरणार कुठून?
खाडा पडला की व्याज बुडतं.
आणि दुसऱ्या कपाटात मेलेल्यांची खाती,
वारस नाही, पत्त्यावर आता पार्किंग.
इकडचं थोडं तिकडे टाकलं.
एकेचाळीस हजार दोनशे साठ.
स्वतःसाठी, म्हणाले,
आणि तिथंच थांबले.

मी बोटं उचलून वाट पाहिली.
वाक्य पुरं झालं नाही.
जबाबात पुरं न झालेलं वाक्य चालत नाही,
मी टिंब दिलं.

चार पानं झाली.
फ चार ठिकाणी पुसट उमटला, पेनानं गिरवला.
शंभर झाले म्हटलं. त्यांनी पाकीट उलटं केलं,
ऐंशी निघाले, आणि एक बसचं तिकीट.
असू द्या, म्हटलं.

मशीन गुजरांचं आहे.
सहाला ते वही बघायला येतात.
मी वहीत शंभर लिहिले.