दहाव्या जागेवरची खूण

वडगावात दुपारी दोनला लाईट जाते.
एकेक माग गप्प होत जातो,
शेवटी इराण्णाचा, गल्लीच्या टोकाचा,
आणि मग आईच्या रहाटाचा तेवढा आवाज उरतो.
त्याला वीज लागत नाही.

मी जेवायला आलेली, लॅबचा कोट दाराच्या खुंटीवर.
काय बघतेस गं दिवसभर
त्या काचेत डोळा घालून?

सूतच बघते.
डोळ्याला न दिसणाऱ्या खोलीत दोन मीटर सूत,
तेही कांड्यांवर भरलेलं,
एकेकीवर जेमतेम पावणेदोन वेढे.
हिस्टोन म्हणतात त्या कांड्यांना.
त्यांना शेपट्या असतात, बाहेर लोंबणाऱ्या,
आपण लुगड्याला दशा सोडतो तशा.

शेपटीवरच्या जागा मोजलेल्या आहेत.
नवव्या जागेवर एक जुनी खूण, मिथिलची.
तिला धरून एक प्रथिन बसतं,
खानापूरच्या गाडीत खिडकी धरून बसावं तसं:
इथलं सूत बंद, उलगडायचं नाही.
पण पेशीला दोन व्हायचं झालं
की दहाव्या जागेवर फॉस्फेट येऊन टेकतो
आणि शेजारचा उठतो.
खूण जागच्या जागी असते, आई.
बसणारा तेवढा उठतो.

चौकातल्या पाटीसारखं, ती म्हणाली.
वरून रंग मारला तरी
खाली अक्षरं आहेतच की.

मला हे सुचलं नव्हतं.

मग सूत आवळतं, पिळाचे दोर होतात,
मधोमध ओळीत उभे राहतात,
दोन्ही टोकांकडून त्यांच्या कमरेला ओढ लागते,
अर्धे इकडे, अर्धे तिकडे, बिनभांडणाचे.

आज एक मधेच राहिलेलं दिसलं.
चूक माझीच. फॉस्फेट ठेवणाऱ्याचे हात
मी औषध घालून बांधले होते,
आणि चुकीच्या गाठी सोडवणं
हेही त्याचंच काम.
एकाच कमरेला दोन्हीकडच्या दोऱ्या,
ते हलेना.
बाकीचे गेले.

मग ते कुठल्या घरचं?
कधी कुठल्यातरी एका घरात जातं,
कधी बाजूला आपलीच लहान खोली करून राहतं.
तिथे त्याचं सूत चुरतं.

म्हणजे आपला दिगंबर, आई म्हणाली.
कागलचा दाखला इथे चालत नाही,
निपाणीचा तिथे.
रहाट थांबला होता.
मी भाताला हात लावला, गार झाला होता.

नीट झालं तर काय होतं, ते सांग.
नीट झालं तर दहाव्या जागेवरचा फॉस्फेट निघतो,
उठलेला परत येतो,
नववी खूण ओळखून तिथेच बसतो,
आणि सूत सैल पडतं.
दोन्ही घरांत.

तेवढ्यात लाईट आली.
इराण्णाचा माग, मग हुलजींचा, मग सगळी गल्ली.
आईचे ओठ हलले. मी वाचले:
काढतं कोण?

मी नाव ओरडून सांगितलं.
तिने कानाला हात लावला, हसली,
आणि भरलेली कांडी काढून
रिकामी अडकवली.