दक्षिणेस

सेतुबालहून तेरेझा व्हालादारिश विचारते,
आमचं घराणं मागे कुठवर जातं?
मी पोर्तुगीज शिकलो एकसष्टच्या आधी,
सेगुंद ग्रावपर्यंत, मास्तरांच्या रुळाखाली.
तेवढ्या भांडवलावर चाळीस वर्षं
लोकांचे पणजे शोधून देतो,
पानामागे ठरलेल्या दराने.

डिचोलीच्या दफ्तरखान्यात पंखा आहे, लावायचा नाही.
इथलं पान उडत नाही, चुरतं.
शाईतल्या लोखंडाने अक्षरं खाल्लीत.
जिथे ‘वारस’ लिहिलं होतं तिथे भोक,
भोकातून खालच्या पानावरची
एक दुभती म्हैस दिसते.

अठराशे नऊ. दों ब्राझ व्हालादारिश,
अंथरुणावर, पण शुद्धीत.
आत्म्यासाठी बावन्न मिसा.
थोरल्याला कुडण्याचं वायंगण शेत,
धाकट्याला घोडा आणि घोड्यावरचं कर्ज,
बायकोला तिचेच दागिने.
मग भांड्यांची यादी: दोन हंडे,
लुझिया, मोझांबिकची, वय अंदाजे वीस, एक दात नाही, सत्तर अशर्फी,
एक फुटकं घंगाळ.

इथे मी चहाला उठलो.

नंतरचं सोपं होतं. खरेदीखतं, गहाणखतं,
भावाने भावावर केलेला दावा,
विधवेने फेडलेलं मिठाचं बिल.
मालक बदलतो, टाक बदलतो, राजा जाऊन रिपब्लिक येतं,
चतुःसीमा तीच राहते:
पूर्वेस वाट. पश्चिमेस व्हाळ.
उत्तरेस देवाची राई.
दक्षिणेस फटू कुंभाराची भट्टी.

चौतीस साली फट्टो, एकाहत्तरला फोत्तू,
आणि एका घाईतल्या कारकुनाकडे चक्क फोटो.
आमच्या घराण्याचा तेवढाच फोटो.
एक फटू मेला की नातू फटू होतो,
तबेलियांवला त्याचं काय,
त्याला कोपरा हवा.
त्यांच्या वंशवृक्षात आम्ही नाही.
पण आम्ही नसतो तर त्यांची जमीन
कुठे संपते, हे कोर्टाला कळलं नसतं.

मृत्युपत्राच्या शेवटी, सही झाल्यावर,
समासात आडवं लिहिलेलं मी आधी वाचलंच नव्हतं:
माझ्या घरात वाढलेला मुलगा जानुआरियु,
ज्याच्या आईविषयी मी काही सांगत नाही,
त्याला दक्षिणेकडचे, भट्टीला लागून असलेले
आठ माड, हयातभर.

आठ माड.

आमच्या मागच्या कुंपणाशी आज तीनच उरलेत.
दोन वादळात गेले, एकावर वीज,
बाकीच्यांना भुंग्याने पोखरलं.
त्यांना आम्ही जानूचे माड म्हणतो.
जानू कोण, कुणी विचारलं नाही.
आई एवढंच सांगायची:
जानूच्या माडाचा नारळ देवाला फोडायचा नसतो.
का गं?
नसतो.

तेरेझाला मी सतरा पानं टाइप करून पाठवली.
ब्राझखाली थोरला, धाकटा, त्यांची पोरं, पुढे लिस्बन.
एका बाजूला जानुआरियु.
वर तुटक रेघ, खाली कोरा कागद.
त्याचा बाप्तिस्मा सापडला नाही, लग्न नाही, मरण नाही.
त्याची आई यादीतली होती, की कुंपणापलीकडची,
की तिसरीच कुणी,
याला कागद नाही.
आणि भट्टीवरचे कोण, कधी, कुणाच्या घरात वाढले
याची नोंद आम्हीही ठेवली नाही. आम्ही मडकी केली.
ती फुटली.

तिने पैसे पाठवले, आभार मानले,
विचारलं, फोटो आहे का त्या जमिनीचा?

काल पाडेली आला. विचारतो, जानूचेही पाडू?
पाड म्हटलं.
अकरा निघाले. दहा सुनेने आत नेले.
एक मी देवाजवळ ठेवलाय, शेंडी तशीच,
अजून फोडला नाही.