पोक आलेला फोन

आटपाडीच्या बाजारादिवशी
मायाक्का पुकळेनं माझ्या टेबलावर फोन ठेवला,
बटणांचा, तिनाचं बटण झिजून कोरं.
म्हणाली, दिवाळी करून निघतो आमी,
आखितीला माघारी.
मधी कुटं भिताड न्हाय, पिन खुपसू कुटं?
हाटेलवाला चार्जिंगला धा रुपयं घेतो
आन् मेंढरं तंवर दुसऱ्याच्या उसात.
लय दिवस चालंल असं कायतरी कर.

मी म्हटलं, नवी बॅटरी घाला.
घातली की. दोनदा.
दुकानदार तेवढा नवा हुता.

मग लागलो कामाला.
विट्याच्या एका सराफाचा मेलेला लॅपटॉप होता पडून,
त्याच्या बॅटरीत सहा सेल:
एक गंजलेला, दोन मुके,
एक भरायचा आणि रात्रीत उतरायचा,
उरलेले दोन मात्र शाबूत,
मालक गेल्याचं कुणी न सांगितलेल्या
गड्यांसारखे.

दोघांचा दाब आधी सारखा केला.
विसरलं की भरलेला रिकाम्यावर कोसळतो
आणि दोघंही तापतात.
माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.

जुन्या बॅटरीची नखाएवढी हिरवी पट्टी
जपून सोडवली. कुठं थांबायचं
हे तिला एकटीला ठाऊक असतं.
ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरपासून बनवलेलं माझं वेल्डिंग
टक् म्हणालं, निकेल धरलं.

नंतर काढतच गेलो.
थरथरणारी मोटर काढली,
कनवटीला खोचलेला फोन
वीस मैल चालणाऱ्या बाईला थरथरून काय सांगणार?
बटणांखालचे दिवे काढले, सहाच्या सहा.
पडद्याचा उजेड निम्मा केला.
टॉर्चकडे चिमटा नेला तशी ती जागची उठली,
त्यो न्हाय!
रातीला मेंढी व्याली तर बघू कशात?
टॉर्च राहिला.

मागचं झाकण बसेना.
सायकलच्या ट्यूबचा पट्टा ओढून बांधलं.
फोनला पोक आलं.
मीटर लावला, बिलाच्या पाठीवर भागाकार केला,
आणि छाती काढून सांगितलं, एकवीस दिवस.
आन् बाविसाव्या?
मी नुसताच हसलो. तीनशे रुपये घेतले.

आखिती होऊन आठवडा झाला असेल,
आली.
ट्यूबला चीर, फोनला लेंड्यांचा वास.
विचारलं, किती दिवस गेला?
चाळीस. एक डाव बेचाळीस.

मी पुन्हा मीटर लावला. पुन्हा भागाकार.
दोनदा शून्य तपासलं.
चाळीस कुठूनच येईना.

ती चहा बशीत ओतत सहज बोलली:
कुंभार्ली उतराय लागलो का बंद करते त्येला.
खाली रेंज न्हाय.
चालू ऱ्हायला तर रातभर टावर हुडकतो
आन् सकाळी मेलेला.
जितं हाक पोचत न्हाय
तितं उगं वरडत बसू नये.

सोळा वर्षं या धुरात बसलोय.
त्या फोनातून मी मोटर काढली, दिवे काढले,
ओरडणं काढायचं राहिलं होतं.

तिनं कमरेची पिशवी सोडली.
आत दुसरा फोन, मोठ्या पडद्याचा,
कोपऱ्याला तडा, मागं मोराचं चित्र.
सुनेचा हाय. ह्येला बी पोक काढ.

मी आता शहाणा झालो होतो.
विचारलं, ती किती वेळ बंद ठेवते?

मायाक्कानं बशी खाली ठेवली.
बंद?
नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात हाय तिचा.
बंद ठेवंल व्हय रं!

मी ड्रॉवर ओढला
आणि चांगले सेल निवडू लागलो.
चार लागतील. कदाचित पाच.